संबंधदर्शक इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द

अर्ज, नोटीस, पावती, खरेदीखत अथवा शाळेचा दाखला यांपैकी कोणताही कागद घेतला, तरी एका गोष्टीचे दुसऱ्या गोष्टीशी काय नाते आहे हे सांगणारा एखादा शब्द त्यात असतोच. इंग्रजीत अशा शब्दांची संख्या मोठी आहे. 'रिगार्डिंग', 'रिलेटिंग टू', 'कन्सर्निंग', 'पर्टेनिंग टू', 'इन कनेक्शन विथ', 'विथ रेफरन्स टू', 'रेलेव्हंट' हे त्यांतील नित्याचे होत. मराठीत उतरविताना या सर्वांसाठी सरसकट 'संबंधी' हा एकच शब्द वापरण्याची प्रथा पडली आहे. त्यामुळे वाक्य बिघडत नाही, परंतु अर्थ पुष्कळदा बिघडतो. आणि ज्या प्रदेशात एकच कागद तीन-चार भाषांतून फिरतो, तेथे हा बिघाड शेतकऱ्यास महाग पडू शकतो.

आदिलाबाद हा असा प्रदेश आहे. पैनगंगेच्या दक्षिणेकडील या भागात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी व कोलामी या भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात गेले. याउलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात आली. यामुळे अनेक कुटुंबांचे जुने कागद उर्दूत, नवे तेलुगूत किंवा इंग्रजीत आणि घरातील बोलणे मात्र मराठीत, अशी स्थिती निर्माण झाली. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले व मुधोळ-भैंसा हा भाग निर्मल जिल्ह्यात गेला. भाषेची स्थिती तीच राहिली.

या प्रश्नाचा उलगडा 'तालुका' या शब्दापासूनच करणे सोयीचे आहे. तालुका हा शब्द अरबी 'तअल्लुक' यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'संबंध' असाच आहे. एखाद्या ठाण्याशी लागून असलेला, त्यावर अवलंबून असलेला मुलूख तो तालुका. उर्दू कागदांतील 'मुताल्लिक', म्हणजे 'च्या संबंधीचा', हा शब्द त्याच धातूचा. निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास 'अव्वल तालुकदार' म्हणत, तेही यामुळेच. आंध्र प्रदेशात १९८५ मध्ये तालुके जाऊन मंडले आली, म्हणून नदीच्या एका तीरावर हा शब्द शासकीय व्यवहारातून निघून गेला व दुसऱ्या तीरावर टिकला. तथापि संबंध म्हणजे केवळ 'विषय' नव्हे, तर कोणीतरी कोणाला बांधलेले असणे होय, हे या शब्दाने जसे ध्यानात येते तसे अन्य शब्दाने क्वचितच येईल.

इंग्रजी शब्दांतही असे निरनिराळे बंध आहेत. 'कनेक्ट' याचा लॅटिन अर्थ एकत्र बांधणे. संस्कृत 'संबंध' याचाही नेमका तोच. 'रिगार्ड' व 'रिस्पेक्ट' यांच्या मुळाशी पाहणे आहे. म्हणून 'रिगार्डिंग' म्हणजे अमुक विषयाकडे पाहता, अर्थात 'विषयी'. येथे बंध फार सैल असतो. 'रेफर' व 'रिलेट' हे दोन शब्द एकाच लॅटिन क्रियापदाची दोन रूपे असून मागे नेणे हा त्यांचा अर्थ. पण व्यवहारात त्यांचे मार्ग वेगळे झाले आहेत. 'विथ रेफरन्स टू' असे लिहिले की मागे एखादे पत्र, आदेश किंवा नोंद असलीच पाहिजे. 'आपल्या पत्राच्या संदर्भात' असे लिहून पत्राचा क्रमांक व दिनांक न देणारा अर्ज म्हणूनच अपुरा ठरतो. मागे काहीच पत्रव्यवहार नसेल तेथे 'संदर्भात' न लिहिता 'विषयी' अथवा 'बाबत' लिहावे.

'कन्सर्न्ड' या शब्दाविषयी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. हा शब्द नामाच्या नंतर आला तर त्याचा अर्थ 'संबंधित' होतो. 'ऑफिसर कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित अधिकारी. तोच नामाच्या आधी आला, तर इंग्रजी रूढीप्रमाणे त्याचा अर्थ 'चिंतेत पडलेला' असा होतो. भारतीय कचेऱ्यांतून हा भेद बहुधा पाळला जात नाही व अधिकाऱ्यांना विनाकारण चिंताग्रस्त केले जाते! 'सब्जेक्ट टू' या शब्दसमूहाबाबतची चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. त्याचा अर्थ 'या विषयावर' असा नसून 'च्या अधीन राहून' असा आहे. मंजुरी अमुक अटीच्या अधीन असेल आणि ती अट पुरी झाली नाही, तर ती मंजुरी हाती राहत नाही.

'रेलेव्हंट' याचे मूळ उचलणे, वर घेणे यात आहे. जी गोष्ट मुद्दा उचलून धरण्यास हातभार लावते ती 'रेलेव्हंट', असे समजल्यास शब्द लक्षात राहतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात या शब्दाची व्याख्या होती व त्याची जागा घेणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती जवळजवळ तशीच आहे. त्या एका वाक्यात 'रेलेव्हंट', 'कनेक्टेड', 'रेफर्ड' व 'रिलेटिंग' असे चार संबंधदर्शक शब्द आले असून प्रत्येकाचे काम वेगळे आहे. अधिनियमाने सांगितलेल्या प्रकारांनीच जोडलेली गोष्ट न्यायालयात संबद्ध ठरते. लोकांच्या मते ती कितीही लागून असली तरी तेवढ्याने भागत नाही. न्यायालयाने एखादे म्हणणे 'असंबद्ध' ठरविले, तर बोलणारा बरळतो आहे असा त्याचा अर्थ नसतो. वादाच्या मुद्द्याशी त्याचा दुवा जुळत नाही, एवढेच त्यातून सांगावयाचे असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शब्द 'अपर्टेनंट' हा आहे. समजा, एका शेतात जाण्याची गाडीवाट शेजारच्या शेतातून आहे. ती वाट शेताला जडलेली असेल, तर शेत विकले असता वाटेचा हक्कही, उलट ठरले नसल्यास, खरेदीदाराकडे जातो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात हे तत्त्व स्पष्ट आहे. पण शेजाऱ्याने केवळ त्या व्यक्तीला जाण्यायेण्याची परवानगी दिलेली असेल, तर ती परवानगी जमिनीबरोबर सहसा जात नाही. अशा दस्तात नुसते 'शेतासंबंधीची वाट' असे लिहिल्याने यांपैकी कोणता प्रकार आहे ते कळत नाही. 'शेतास संलग्न असलेला वहिवाटीचा हक्क' असे लिहिल्यास पुढील पिढीचा तंटा टळण्याची शक्यता असते.

मराठी प्रतिशब्दही निवडून घ्यावे लागतात. 'बाबत' हा अरबी 'बाब' म्हणजे दार किंवा प्रकरण यावरून आला आहे. तो विषयाच्या शीर्षकास योग्य. 'निगडित' या शब्दात 'निगड' म्हणजे बेडी आहे, तेव्हा जेथे एक गोष्ट दुसरीपासून सुटू शकत नाही तेथेच तो शोभतो. 'अनुषंगाने' म्हणजे मुख्य गोष्टीला चिकटून मागोमाग येणारे. 'बद्दल' याविषयी विशेष दक्षता हवी. त्याच्या मुळाशी अरबी 'बदल' म्हणजे मोबदला असून तो अर्थ अद्याप मेलेला नाही. 'शेताबद्दल पाच हजार रुपये मिळाले' अशी पावती कोणी लिहून दिली, तर ती रक्कम शेताची किंमत, खंड की नुसता विसार, याविषयी वाद निघू शकतो. तेथे 'किंमतीपैकी', 'खंडापोटी' किंवा 'विसार म्हणून' असे उघड लिहिणेच हिताचे.

तेलुगू कागदात 'संबंधिंचिन' हा शब्द आढळतो. मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. 'गुरिंची' म्हणजे 'विषयी'. नात्यागोत्यांसाठी मात्र मराठीच अधिक काटेकोर आहे. इंग्रजीतील 'रिलेटिव्ह' या एका शब्दात सगा आणि सोयरा असे दोघेही सामावतात. मराठीत रक्ताचा तो सगा व लग्नाने जोडलेला तो सोयरा. आदिलाबादच्या गोंड समाजात तर कुलसमूहालाच 'सगा' म्हणतात आणि लग्नसंबंध त्यावरून ठरतात. वारसाच्या अर्जात 'नातेवाईक' एवढेच न लिहिता मुलगा, पुतण्या, जावई असे नेमके नाते लिहावे, हे म्हणूनच आवश्यक आहे.

पूर्वीच्या राजुरा तालुक्याच्या मुलखात, आताच्या जिवती तालुक्याच्या सीमेवर, काही गावांवर महाराष्ट्र व पलीकडचे राज्य या दोहोंकडून हक्क सांगितला जात आला आहे आणि तेथील अनेक रहिवाशांजवळ दोन्हीकडील शिधापत्रिका असल्याचे वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहे. अशा गावातून निघालेल्या अर्जावर 'संबंधित तहसीलदार' असा मायना घातला, तर टपाल कोठे जावे हे कोणालाच सांगता येणार नाही. तेथे जिवतीचे तहसीलदार की केरामेरीचे, हे नावानिशीच लिहावे लागते.