मनीच्या मानेवरचे थेंब

आमच्या मनीला पिसवा झाल्या, तेव्हा शेजारच्या कुत्र्याचे उरलेसुरले औषध मी तिच्या मानेवर घालणार होतो. वर्गात नियमापेक्षा अपवादच अधिक शिकवणारा मी, पण औषधालाही अपवाद असतो हे मला सुचले नाही! सौभाग्यवतींनी वेष्टण वाचले : पर्मेथ्रिन. कुत्र्याला ते सोसते. मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. झटके येतात, जीवही जातो. मग पशुवैद्यांकडून खास मांजराचे, मनीच्या वजनाला योग्य असे औषध आणले. मानेच्या वरच्या टोकाला, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे, केस दुभागून थेट कातडीवर थेंब सोडले. ते वाळेपर्यंत मनी रुसून बसली. वाचकहो, रुसलेली मनी परवडली!