सातबारा कोणत्या वाटेनें येतो?

सन २०१० च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस आमच्या जिल्ह्यांतील शहादे तालुक्यांत टेंभली गांवीं देशांतील पहिलीं आधारपत्रें वांटण्यांत आलीं, ही गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हांपासून रेशनच्या दुकानांत अंगठा, बँकेंत अंगठा असा प्रघात पडत गेला. अंगठा येथें टेकतो, परंतु त्याची ओळख पटविणारें दप्तर शेंकडों कोस दूर असतें. सातबाऱ्याचेंहि आतां तसेंच झालें आहे. पूर्वीं तो तलाठ्याच्या दप्तरांत असे. तलाठी भेटला म्हणजे उतारा मिळे, न भेटला म्हणजे हेलपाटा पडे. सन २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला, व सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पिकाची पाहणी शेतकऱ्यानें स्वतः फोनावरून नोंदविण्याची व्यवस्था झाली. हेलपाटा मात्र सर्वस्वीं गेला नाहीं. "तलाठी गांवीं नाहींत" याऐवजीं आतां "सर्व्हर डाउन आहे" असें ऐकूं येतें, इतकाच फरक.

या दोन शब्दांखालीं निरनिराळीं दहा कारणें झांकलीं जातात. आमच्या माहितीच्या एका शेतकऱ्यानें पीककर्जाच्या कागदांसाठीं एका केंद्राकडे तीन खेपा घातल्या. तिसऱ्या दिवशीं तेथल्या एका मुलानें राउटरच्या पाठीमागें निसटलेली वायर दाबून बसविली आणि काम पांच मिनिटांत झालें. सर्व्हर बिचारा तीनहि दिवस चालू होता! पाटाचें पाणी शेतांत आलें नाहीं तर आपण लगेच धरण आटलें असें म्हणत नाहीं. आधीं आपलें बारें पाहतों, मग चारी, मग पाट. संगणकाच्या जाळ्यासंबंधानेंहि हीच रीत आहे, पण त्यासाठीं जाळें कसें बांधलें आहे हें थोडेंबहुत ठाऊक हवें. आम्हीं उभी हयात महसुलाच्या दप्तरांत घालविली असल्यामुळें हा विषय दप्तराच्याच भाषेंत सांगतों.

गट नंबर ११२ एवढेंच कोणी सांगितलें तर त्यावरून जमीन सांपडत नाहीं. तो नंबर नवापूर तालुक्यांतील एका गांवींहि असेल व तळोद्याकडील दुसऱ्या गांवींहि असेल. मौजे कोणतें, हें आधीं कळलें पाहिजे. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास जो आयपी पत्ता असतो तो असाच दुहेरी आहे. तो चार आंकड्यांचा असून प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधील असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५ हा पत्ता घ्या. त्याच्यासोबत २५५.२५५.२५५.० असा आणखी एक आंकडा लिहिलेला असतो, त्यास सबनेट मास्क म्हणतात. पत्त्यांत मौज्याचें नांव कोठें संपतें आणि गट नंबर कोठें सुरू होतो, एवढेंच तो सांगतो. येथें पहिले तीन आंकडे मौजे झाले व २५ हा गट. नवशिक्या मुलांस हा मास्क फार छळतो असें ऐकतों. खरें पाहतां त्यांत याहून अधिक गूढ कांहीं नाहीं.

यंत्रास कागद पाठवावयाचा असला कीं तें प्रथम हेंच पाहतें. समोरचा पत्ता आपल्याच मौज्यांतला असेल तर कागद परस्पर देतें. हें घरगुती वांटप करणाऱ्या पेटीस स्विच म्हणतात. पत्ता परगांवचा असेल तर तें कागद वेशीवर नेऊन देतें. या वेशीचें नांव गेटवे, आणि वेशीवर बसून पुढची वाट दाखविणारा तो राउटर. वाटेंत असे अनेक राउटर लागतात. त्यांपैकीं कोणासहि सबंध रस्ता ठाऊक नसतो. या मौज्याचा कागद पुढें कोणाच्या हातीं द्यावयाचा, एवढेंच प्रत्येकास ठाऊक असतें.

चार आंकड्यांचे असे एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटी होतात. पृथ्वीवरील यंत्रांस ते पुरत नाहींत, म्हणून याहून पुष्कळ लांब पत्त्यांची नवी पद्धति निघाली असून दोन्ही सध्यां शेजारीं शेजारीं चालतात. जुन्या पद्धतींत टंचाईवर तोड काढली ती आम्हां कारकुनांस मोठी ओळखीची वाटते. १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते खासगी ठरविले, ते घरोघरीं पुन्हां पुन्हां वापरावे. घरांतला कागद बाहेर जातांना राउटर त्यावर आपला स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणाचा कागद गेला याची बारनिशींत नोंद ठेवतो. उत्तर आलें कीं नोंद पाहून ज्याचें त्यास देतो. ही आवक-जावक सेकंदांत हजारों वेळां होते, आणि तींत कोणाची फाईल गहाळ झाली म्हणून हेलपाटे घालावे लागत नाहींत!

घरांतील फोनास पत्ता कोण देतो? बहुधा हाच राउटर. तो कायमचा नसून मुदतीच्या पट्ट्यानें मिळतो. पट्टा देणारा जाग्यावर नसेल तर पुष्कळ संगणक आपणच १६९.२५४ नें सुरू होणारा पत्ता धारण करितात. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो दिसला म्हणजे संगणकास राउटरकडून कांहींच मिळालेलें नाहीं, दोष घरांतच आहे असें समजावें.

आपण मात्र आंकडे लिहीत नाहीं, नांव लिहितों. नांवावरून आंकडा काढून देणारी निराळी सूची आहे, तिला डीएनएस म्हणतात. ती बंद पडली तर रस्ता, वेस, सर्व्हर सारें धडधाकट असूनहि पान उघडत नाहीं, आणि दोष मात्र सर्व्हरच्या माथीं जातो.

कागद सबंध जात नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. त्याचे साधारणतः १५०० बाइटपर्यंतचे तुकडे होतात, प्रत्येकावर क्रमांक पडतो, व उताऱ्यासारख्या कामांत पलीकडून पोंच मागविली जाते. पोंच न आल्यास तो तुकडा पुन्हां पाठवितात. म्हणूनच रेंज अर्धीमुर्धी असतां सातबारा उशिरा उतरतो, पण त्यांतील क्षेत्राचा आंकडा गळून येत नाहीं. बोलण्याच्या कामीं बहुधा पोंच मागत नाहींत. तेथें मधलीं अक्षरें गळतात, कारण उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग काय?

उशीर लांब अंतरामुळें होतो ही समजूत टाकून द्यावी. फायबरच्या कांचेंतून उजेड सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. चारशें किलोमीटरची तार ओलांडण्यास त्यास सेकंदाचा पांचशेंवा हिस्सा पुरतो. उशीर होतो तो गर्दीनें, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीं गर्दी करण्यांत आपण शेतकरी कोणास हार जाणार नाहीं. फायबरच्या तारेस स्वतःस वीज लागत नाहीं, पण तिच्या टोंकाच्या पेटीस लागते. ग्रामपंचायतींस फायबरनें जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें सन २०११ मध्यें मंजुरी दिली व पुढें तिला भारतनेट हें नांव पडलें. तथापि गांवची वीज गेली आणि पेटीस बॅटरी नसली तर ती तार निरुपयोगी.

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागांतील वाचकांसाठीं थोडें निराळें. डोंगर आड आला म्हणजे टॉवरची लहर पोंचत नाहीं. परंतु फोनास आपण कोठें उभे आहों हें उपग्रहांवरून कळतें, त्यास मोबाईलची रेंज लागत नाहीं. म्हणून रेंजमध्यें असतांनाच खात्याची माहिती फोनांत उतरवून घ्यावी, शेतांत उभें राहून छायाचित्र व नोंद करावी, आणि पुन्हां रेंजमध्यें येतांच ती पाठवावी. पाठविल्याशिवाय नोंद झाली असें मानूं नये.

दोष शोधण्याचा क्रम घरापासून बाहेर असा ठेवावा. पेटीचे दिवे लागले आहेत काय, वायर पक्की आहे काय? पत्ता १६९.२५४ चा तर नाहीं? मग संगणकावर 'पिंग' नांवाची आज्ञा आहे ती द्यावी; ही म्हणजे नदीकांठीं उभें राहून पलीकडे हाक मारणें व ओ येते कीं नाहीं तें ऐकणें. पहिली हाक आपल्या राउटरास मारावी. तो ओ देत असेल तर बाहेरच्या ८.८.८.८ या आंकड्यास मारावी; तेथून ओ आली तर वाट मोकळी आहे. त्यानंतर नांवानें हाक मारून आंकडा मिळतो काय तें पहावें. आंकडा मिळाला कीं सूची शाबूत आहे. (कांहीं सर्व्हर हाकेस मुद्दामच उत्तर देत नाहींत, तेव्हां तेवढ्यावरून ते बंद आहेत असें ठरवूं नये.) इतकें सर्व ठीक असून इतर पानें उघडतात व भूलेखाचेंच उघडत नाहीं, तेव्हां सर्व्हरवर किंवा त्याच्या बाजूच्या गर्दीवर संशय घेण्यास जागा आहे.

तक्रार-अर्ज द्यावयाचा झाल्यास "नेट चालत नाहीं" असें मोघम लिहूं नये. तारीख, वेळ, यंत्रास मिळालेला पत्ता, कोणत्या हाकेपर्यंत ओ आली व पडद्यावर कोणतीं अक्षरें उमटलीं, इतकें लिहावें; पडद्याचें छायाचित्र सोबत जोडावें आणि अर्जाच्या नकलेवर पोंच घ्यावी.