उंची न सांगणारा नकाशा

इ.स.पू. ५७३. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले, त्याला चौदावे वर्ष लागले होते. बंदिवासात दिवस काढणाऱ्या यहेज्केल या याजकाला दृष्टांतात नवे मंदिर दिसले. वेशीत पितळेसारखा झळकणारा एक पुरुष उभा होता. त्याच्या हातात तागाची दोरी आणि मापायची काठी होती. काठी सहा हातांची, प्रत्येक हात नेहमीच्यापेक्षा चार बोटे लांब. म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३ मीटर.

बायबलमधल्या यहेज्केलाच्या ग्रंथातले ४० ते ४२ हे अध्याय वाचताना अनेकजण कंटाळतात. वेशी, ओवऱ्या, उंबरठे आणि नुसती मापे. पण मापे कशाची आहेत ते पाहावे. बाहेरची भिंत एक काठी रुंद, एक काठी उंच. प्रत्येक वेशीत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या तीन-तीन खोल्या. परमपवित्रस्थान, म्हणजे मंदिराचा गाभारा, २० हात लांब, २० हात रुंद. मुख्य इमारतीची उंची मात्र कुठेच नाही! बांधकामाचा नकाशा असा नसतो. इथे जमीन आखली जाते आहे, कोणी कुठपर्यंत यायचे ते ठरते आहे.

त्यामागे जुनी जखम आहे. राजांनी आपला वाडा मंदिराला खेटून बांधला होता. देवाच्या आणि त्यांच्या उंबरठ्यात फक्त एक भिंत उरली होती, अशी तक्रार ४३व्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात यहेज्केलाला सांगितले जाते, की लोकांना हे मंदिर दाखव, म्हणजे त्यांना आपल्या पापांची लाज वाटेल. त्यांना त्याचे माप घेऊ दे. आकड्यांचे काम सत्तेला हद्द घालण्याचे आहे, असे मला ठामपणे वाटते. पूर्वेच्या वेशीतून देवाचे तेज आत येते आणि ती वेस कायमची बंद होते. लोकांच्या अधिपतीला तिच्या देवडीत बसून भोजन करता येते, पण तिच्यातून जायला त्यालाही परवानगी नाही.

बंदिवान परतल्यावर इ.स.पू. ५१५च्या सुमारास दुसरे मंदिर पूर्ण झाले, पण या आराखड्याप्रमाणे नाही. काही ख्रिस्ती अभ्यासक हे मंदिर पुढे खरोखर उभे राहील असे मानतात, तर काही त्याला प्रतीक समजतात.

मापायची काठी बायबलच्या शेवटच्या ग्रंथात, योहानाच्या प्रकटीकरणात, पुन्हा दिसते, या वेळी सोन्याची. तिथे मोजल्या जाणाऱ्या नव्या यरुशलेम नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच आहे. शलमोन राजाने बांधलेल्या पहिल्या मंदिरातले परमपवित्रस्थानही असेच, तिन्ही बाजूंनी २० हात होते. त्या गाभाऱ्यात महायाजक वर्षातून एकदाच जाई. योहानाला नव्या नगरात मंदिर दिसत नाही, कारण सगळे नगरच गाभारा झालेले आहे. आणि त्याच्या बाराही वेशी उघड्या आहेत.