हौजातली पंगत

मगरिबच्या अजानला दोन मिनिटं उरली की आमच्या मशिदीच्या हौजाचं पाणी एकदम निवांत होतं. एरवी त्यात सारख्या ओंजळी जात असतात. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं म्हणजे वजू, आणि त्यासाठीच अंगणातला हा हौज. पण त्या दोन मिनिटांत प्रत्येकाच्या हातात खजूर असतो, नजर घड्याळावर असते आणि पाण्याला कोणी हात लावत नाही. काठावर बसलेली पंगत, मिनार आणि वरचं केशरी आभाळ, सगळं पाण्यात उलटं उतरतं.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी थंडीत येतो, कधी ऐन उन्हाळ्यात. इफ्तार मात्र कायम सूर्यास्तालाच. छायाचित्रकार दिवसभर ज्या उजेडाची वाट पाहतात, नेमकी तीच वेळ. फक्त तेव्हा पोटात काही नसतं आणि हात किंचित थरथरतात.

मला फोटोचा नाद लावला तो बाजारपेठेतल्या एका स्टुडिओवाल्या मित्राने. त्याच्या देवघरातल्या समईपासून आमच्या बिर्याणीच्या डेगेपर्यंत चकाकणारं काहीही दिसलं की तो आधी त्यात काय दिसतंय ते पाहतो. बांगड्यांच्या दुकानाच्या काचेत ग्राहकापेक्षा आपणच जास्त दिसत असू, तर काळा शर्ट घालायचा आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवायची, हे त्याने शिकवलं. पाण्याचं गणित मात्र निराळं. सरळ वरून वाकून पाहिलं तर पाणी उजेडाच्या शंभर भागांतले जेमतेम दोन परत पाठवतं, बाकीचे गिळतं. नजर जितकी पाण्याच्या पातळीला टेकेल तितकं प्रतिबिंब भरतं. म्हणून पोटावर आडवं व्हायचं. मोबाइल असेल तर उलटा धरायचा, म्हणजे त्याची लेन्स पाण्याला भिडते. पोलरायझर फिल्टर सवयीने लावून ठेवणाऱ्यांनी तो काढावा, किंवा निदान फिरवून पाहावा. पाण्याशी साधारण 37 अंशांचा कोन झाला की तो प्रतिबिंब पुसूनच टाकतो. स्टीलच्या पातेल्यावर त्याची मात्रा चालत नाही.

आणि तळ काळा हवा. आमचा हौज जुन्या काळ्या दगडाचा आहे, म्हणून त्यात आभाळ इतकं गडद दिसतं. बऱ्याच मशिदींत आता हौज बुजवून नळांची रांग आली; स्वच्छतेला आणि पाणी वाचवायला ते बरंच, पण नळाच्या तोटीत मिनार मावत नाही. मुंबईच्या जामा मशिदीने मात्र आपला तलाव राखला आहे. ती अख्खी मशीदच जुन्या तलावावर उभी आहे.

तर गेल्या वर्षी मी आडवा पडून तो फोटो काढला. चांगला आला. इतका चांगला की फोटो उलटा केल्यावर माणसं एकेक करून ओळखू येत होती. तिथेच घोटाळा झाला.

त्याआधी काही महिन्यांपूर्वी आमच्याच मोहल्ल्यातल्या नमाजाचा, कुणीतरी मोबाइलवर काढलेला एक फोटो भलत्याच मजकुरासह गावभर फिरला होता. त्यातल्या एका पोराला कामावर दोन दिवस खुलासे देत बसावं लागलं. तेव्हापासून हौजाची देखरेख करणाऱ्या चाचांचा दंडक होता: पानी की फोटो निकालो, आदमी की नहीं. चाचांना तसबिरींचं एरवीही वावडं. फोटोच्या बाबतीत उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत, पण चाचांचं एकच.

मी वकिली केली. म्हटलं, मी पाण्याचाच तर फोटो काढलाय. चाचांनी मोबाइल हातात घेतला, उलटा केला आणि त्यातल्या स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. "पानी में मैं नहीं हूँ क्या?" एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासमोर फोटो पुसला. खरं सांगतो, वाईट वाटलं.

घरी आल्यावर इब्न अल-हैसम आठवला. साधारण 965 मध्ये बसऱ्यात जन्मलेला हा विद्वान. त्याच्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथाचे सात भाग. त्यांतले तीन परावर्तनाला, म्हणजे आरशातून दिसणाऱ्या प्रतिमांना वाहिलेले. आरशातली वस्तू आरशाच्या पृष्ठभागावर नसते, ती त्याच्या मागे असल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यालाही तसंच दिसतं. हौजातले चाचा टिपायचे तर फोकस पाण्यावर ठेवून भागत नाही. माझ्यापासून पाणी आणि पाण्यापासून चाचा, असं दोन्ही मिळून होईल तेवढ्या अंतरावर ठेवावा लागतो. याचा अर्थ, फोकस पाण्यावरच ठेवला तर चाचा धूसर होणार! आदल्या दिवशी मी जे कसोशीने टाळलं होतं, तेच आता हवं होतं.

मोबाइलने हे जमत नाही, त्याला जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट दिसतं. मित्राचा कॅमेरा आणला, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं. कडुनिंबाची पानगळ चालू होती. एक पिवळं पान हौजात तरंगत होतं. त्या पानाच्या शिरांवर फोकस धरला. मागे पंगतीचे नुसते रंग उरले. टोप्यांचे पांढरे ठिपके, सरबताचा गुलाबी, कलिंगडाचा लाल. माणसं होती, पण कोण ते सांगता येत नव्हतं. तेवढ्यात अजान झाली, कुणीतरी पाण्यात हात घातला आणि पान हललं. तोवर तीन फोटो मिळाले होते.

तरावीहनंतर चाचांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, कॅमेरा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"इसमें मैं किधर हूँ?"

मी एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. खरं तर मलाही खात्री नव्हती.

"ठीक है," ते म्हणाले. आणि जाता जाता, "कलिंगड तेवढं ओळखू येतंय."