चार नगांची ऑर्डर

विमानवाहू जहाजांवर दिवाळी अंकांची पानंच्या पानं खर्ची पडतात. किनाऱ्याला तोंड लावून रणगाडे आणि जवान उतरवणाऱ्या जहाजांच्या वाट्याला चार ओळीही येत नाहीत. 1949 सालची पहिली 'मगर', मग पोलंडहून आलेली पिढी, मग कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेली 'शार्दूल', 'केसरी', 'ऐरावत'. हा वंश जाणकारांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्यांच्या सुट्या भागांबद्दल.

कारण हे जहाज वेगळ्या तऱ्हेनं झिजतं. बूड सपाट, म्हणून लाटांवर जास्त आदळतं. किनारा गाठताना ते मागे नांगर टाकतं आणि माल उतरला की विंच फिरवून त्याच नांगराच्या आधारानं स्वतःला पाण्यात ओढून घेतं. पुढची दारं, रॅम्प, बिजागऱ्यांच्या पिना, बुश, रबरी सील, विंचचे गिअर ही सगळी वाळू आणि खाऱ्या पाण्याच्या तोंडी. दाराचं सील गेलं की तोफा कितीही चांगल्या असोत, जहाज धक्क्यालाच.

क्षेपणास्त्रांच्या काळात असली जहाजं कशाला, असं म्हणणारे पंडित आहेत. 2004 च्या त्सुनामीत निकोबारचे धक्के उद्ध्वस्त झाले, तेव्हा धक्क्याशिवाय माल उतरवणारं जहाज कशाला लागतं ते साऱ्या देशानं पाहिलं. तरी हे पंडित ऐकत नाहीत.

'जलाश्व'चं कौतुक मलाही आहे. मागचा भाग पाण्यात बुडवून पोटातल्या होड्या बाहेर काढणारं आपल्याकडचं ते एकमेव जहाज. पण 1971 चं अमेरिकी जहाज आपण 2007 साली घेतलं, तेही वाफेच्या बॉयलरचं. त्याच्या जातीचं शेवटचं अमेरिकी जहाज 2017 मध्ये निवृत्त झालं. आता भाग मागायचे कुणाकडे? सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या भागांचा हाच धडा नौदलानं एकदा गिरवला होता. 'जलाश्व'सारखी चार मोठी जहाजं बांधायची निविदा 2013 मध्ये निघाली आणि 2020 मध्ये मागे घेतली गेली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

भाग इथेच बनवायचे म्हटलं, तर आता आमच्या वाळूज औद्योगिक वसाहतीकडे पाहा. बजाजचा कारखाना 1985 मध्ये आला आणि त्याच्याभोवती लेथ, मिलिंग, फोर्जिंगची शेकडो दुकानं उभी राहिली. मीही त्यांतलाच. इथली सगळी घडी लाखांच्या ऑर्डरींवर बसलेली. जहाजाला मात्र चार पिना हव्या असतात, त्याही धातूच्या प्रमाणपत्रासह, तपासणीसह. 2020 मध्ये निघालेल्या संरक्षण खात्याच्या 'सृजन' पोर्टलवर अशा मागण्या दिसतात, पण चार नगांसाठी जिग-फिक्स्चर कोण बनवणार? पूर्वी झिजलेला भाग हातात घेऊन मूळ माप काढणारे फिटर आणि पॅटर्नमेकर इथे होते. मुलं आता मशीनला प्रोग्रॅम भरतात, उत्तम भरतात. पण ड्रॉइंगच नसेल तर काय करायचं, हे त्यांना शिकवायला कुणी उरलं नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

ड्रॉइंगं मिळवायची संधी मात्र अजून आहे. पोलंडहून आलेल्या त्या पिढीतली 'गुलदार' 1985 साली ग्दिनियात नौदलात आली आणि 12 जानेवारी 2024 ला पोर्ट ब्लेअरला 'चीता', 'कुंभीर' या भगिनी जहाजांबरोबर निवृत्त झाली. पुढे ती महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाला मिळाली, निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी. योजना चांगली आहे. पण असं जहाज पाण्यात सोडण्याआधी त्याची दारं, बिजागऱ्या, विंच यांचं पूर्ण मोजमाप घेऊन ड्रॉइंगं अभियांत्रिकी महाविद्यालयांना दिली पाहिजेत. आणि पुढचं जहाज घेताना ड्रॉइंगांचे हक्क किमतीतच धरा, छोट्या ऑर्डरीला टूलिंगचा खर्च वेगळा द्या. चार नगांचं काम वाळूज आनंदानं घेईल.