घरी परतणाऱ्या मुलांचा खेळ

परळच्या टाटा हॉस्पिटलात किमो घेणारी बाहेरगावची मुलं धर्मशाळेत किंवा 'सेंट ज्यूड' या संस्थेच्या केंद्रात उतरतात. तिथं शेजारच्या खोलीतलं पोरही आजारी, त्याचेही केस गेलेले. अंबरनाथच्या मोरिवलीचं मूल मात्र लोकलच्या अपंगांच्या डब्यात आईला टेकून बसतं, अंबरनाथला उतरतं आणि रिक्षानं घर गाठतं. कॅन्सरच्या रुग्णांना त्या डब्याची मुभा आहे, तेवढाच आधार. किमोनं रक्तातल्या पेशींचे काउंट पडले की शाळा बंद, गल्लीतली मुलं बंद. उरतो आईचा मोबाइल.

आभासी जगांनी गेल्या तीस वर्षांत अशा मुलाला काय दिलं?

सुरुवात सोबतीनंच झाली होती. 1995 मध्ये अमेरिकेत 'स्टारब्राइट वर्ल्ड' आलं. त्यामागच्या संस्थेचे अध्यक्ष स्टीव्हन स्पीलबर्ग. वेगवेगळ्या रुग्णालयांत खाटेला खिळलेली मुलं पडद्यावरच्या एकाच जगात आपापलं पात्र घेऊन फिरत, एकमेकांशी बोलत. पुढे 2006 मध्ये 'री-मिशन' हा खेळ आला. त्यातली रॉक्सी रुग्णाच्या शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशी टिपते. 375 तरुण रुग्णांवर त्याची पारख झाली, निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले. खेळणाऱ्यांनी गोळ्या जास्त नेमानं घेतल्या, आजाराची समजही वाढली. ताण मात्र हलका झाल्याचं दिसलं नाही. मला यातलं हे शेवटचं फार मोलाचं वाटतं. पेशींशी लढायचं बळ खेळानं दिलं, पण लढणारा एकटाच होता.

त्याच 2006 मध्ये मुंबईत 'सेंट ज्यूड'चं काम सुरू झालं. तिथं पडदा नव्हता, एका छताखाली राहणारी कुटुंबं होती. ताप आला तर काय करायचं, तोंड आलं तर काय भरवायचं, हे एक आई दुसरीला सांगते. 2020 च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या, तेव्हा माणसं एकमेकांना मोबाइलवरच भेटू लागली. मोरिवलीच्या मुलाला ते नवं नव्हतं.

आता आभासी जग डोळ्यांपुढे उभं करणारे व्हीआरचे चष्मे आलेत. सुई टोचताना मन दुसरीकडे नेण्यासाठी ते खरंच उपयोगी पडतात आणि ते वॉर्डात हवेतच. पण चष्मा वॉर्डातच राहतो, मूल घरी जातं. त्याच्यासाठी साध्या मोबाइलवर चालणारा, मराठीत बोलणारा, दोघांनी मिळून खेळायचा खेळ हवा. पलीकडे बदलापूरचं, उल्हासनगरचं किमोवरचं मूल असावं, किंवा यातून बरा झालेला एखादा दादा. केस परत येतात का, हे त्यालाच विचारता येईल.