जबलपूरचा मराठी विद्यार्थी आणि प्राथमिक इटालियन

युरोपातील एखादी भाषा शिकावयास बसलेला भारतीय विद्यार्थी ती बहुधा इंग्रजीच्या वाटेने शिकतो. व्याकरणाच्या संज्ञा इंग्रजी, अर्थ इंग्रजी आणि अडचणींची यादीही इंग्रज विद्यार्थ्याला येणाऱ्या अडचणींची. इटालियनच्या बाबतीत ही वाट विशेष आडवळणाची ठरते. इंग्रजाला जे कठीण वाटते त्यातील पुष्कळसे मराठी बोलणाऱ्याच्या घरातलेच असते, आणि मराठी माणसाला जे खरोखर अडते त्याची दखल इंग्रजांसाठी लिहिलेली पुस्तके घेत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार जबलपूरच्या मराठीभाषक विद्यार्थ्याला समोर ठेवून केला आहे.

जबलपूरच निवडण्याचे कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली हा प्रदेश १८१७ पर्यंत होता; पुढे मध्यप्रांतात मराठी आणि हिंदी या भाषा एकाच राज्यव्यवस्थेत नांदल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. तेथील मराठी घरांत मुलगा आईशी मराठी बोलतो आणि शाळेत, बाजारात, मित्रांत हिंदी. त्याच्या मराठीला पुण्यामुंबईकडील लोक 'हिंदी वळणाची' म्हणून हसतात आणि तोही ती लपवू लागतो. इटालियनच्या पहिल्या धड्यांत मात्र हेच द्वैभाषिक भांडवल उपयोगी पडते.

१

आरंभ उच्चारापासून करू. इटालियन त आणि द हे दंत्य आहेत, मराठीतल्यासारखेच. इंग्रजीच्या मध्यस्थीमुळे आपण 'इटली' असे ट घालून लिहितो. तेथील माणूस 'इतालिआ' म्हणतो. 'पिझ्झा' हा शब्द मुळात 'पीत्सा' आहे. त्यातील त्स हा ध्वनी हिंदीत नाही. मराठीत तो चाक, चोर, चांगला या शब्दांतील दंततालव्य च म्हणून रोजचा आहे. 'ग्रात्सिए' म्हणजे 'आभारी आहे' हा शब्द म्हणूनच मराठी जिभेला सहज साधतो. ज्या मुलाचे शिक्षण सर्वस्वी हिंदीतून झाले त्याचा हा च पुष्कळदा तालव्य होऊन जातो. त्याने घरातील आजीचा उच्चार आठवावा.

मराठीत इ आणि ए या स्वरांपूर्वी च बहुधा तालव्य होतो. 'त्याचा मुलगा' आणि 'त्याची मुलगी' यांतील च एकच लिहिला जातो, पण एक उच्चारला जात नाही. इटालियनमध्ये याच स्वरांपूर्वी क चा च होतो: 'आमीको' म्हणजे मित्र, 'आमीची' म्हणजे अनेक मित्र. वर्ण निराळे असले तरी प्रेरणा एकच. पुढचा स्वर मागच्या व्यंजनाला तालूकडे ओढतो. अर्थात 'आमीका' (मैत्रीण) या शब्दाचे अनेकवचन 'आमीके' होते, म्हणजे तेथे क टिकतो. नियम अबाधित नाही. परंतु तो मुळात का असावा हे मराठी विद्यार्थ्याला पाठ करावे लागत नाही.

द्वित्त व्यंजनांचे महत्त्व याहून मोठे आहे. 'सेते' म्हणजे तहान, 'सेत्ते' म्हणजे सात. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. इंग्रजीत एका शब्दाच्या आत असा भेद अर्थ बदलीत नाही. जबलपूरच्या मुलाला तो हिंदीतील 'पता' आणि 'पत्ता' यांनी लहानपणीच शिकविलेला असतो, आणि घरी मराठीत घराचा ठावठिकाणा सांगताना 'पत्ता' म्हणावयाचे हेही त्याला ठाऊक असते.

ही द्वित्ते आली कोठून हे पाहिले म्हणजे भाषांच्या इतिहासाचे एक सुंदर साम्य दिसते. लॅटिन 'सेप्तेम' चे इटालियन 'सेत्ते' झाले, 'ओक्तो' चे 'ओत्तो', 'नोक्तेम' चे 'नोत्ते' (रात्र), 'फाक्तुम' चे 'फात्तो' (केलेले). संस्कृत सप्त चे प्राकृतात सत्त झाले, अष्ट चे अट्ठ, दुग्ध चे दुद्ध, हस्त चे हत्थ. दोन्हीकडे संयुक्त व्यंजनातील एक दुसऱ्यात विलीन झाले. इटालियन त्या टप्प्यावर थांबली; मराठी आणखी एक पाऊल पुढे जाऊन द्वित्त सोडती झाली आणि भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ करून सात, आठ, दूध, हात म्हणू लागली. हिंदीनेही येथे तेच केले. परंतु मिट्टी, गद्दी, बत्ती असे अनेक शब्द तिने प्राकृताच्या टप्प्यावरच ठेवले, जेथे मराठीत माती, गादी, वात आहेत. इटालियन ही लॅटिनची प्राकृत होय असे म्हटले तर ते निव्वळ आलंकारिक ठरणार नाही.

२

लिंगविचारात जबलपूरचा विद्यार्थी मुंबईच्या विद्यार्थ्याहूनही एक पायरी वर उभा असतो. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये लिंगे तीन. मराठीने तिन्ही राखली. हिंदीने आणि इटालियनने नपुंसकलिंग टाकून दिले. घर, दूध, पाणी हे मराठीतील नपुंसकलिंगी शब्द हिंदीत पुल्लिंगी होतात; पुस्तक मात्र स्त्रीलिंगी होते. घरात 'ते पुस्तक चांगले आहे' आणि दाराबाहेर पडताच 'किताब' प्रमाणे 'पुस्तक अच्छी है' असे बोलणारा मुलगा नपुंसकलिंगाचे विसर्जन दररोज करीत असतो. लॅटिनमध्ये 'वीनुम' (मद्य) नपुंसकलिंगी होते, इटालियन 'वीनो' पुल्लिंगी झाले. 'फोलिउम' (पान) याचे अनेकवचन 'फोलिआ' शेवटच्या आ मुळे स्त्रीलिंगी एकवचनासारखे भासले आणि 'फोल्या' हा स्त्रीलिंगी शब्द जन्मला.

इटालियनमध्ये काही शब्द एकवचनात पुल्लिंगी व अनेकवचनात स्त्रीलिंगी असतात: 'उओवो' म्हणजे अंडे, 'उओवा' म्हणजे अंडी, 'दीतो' म्हणजे बोट, 'दीता' म्हणजे बोटे. इंग्रजी पुस्तके यांना अपवाद म्हणून चौकटीत टाकतात. वस्तुतः हे जुन्या नपुंसकलिंगाचे अवशेष होत. लॅटिनमधील नपुंसक अनेकवचनाचा आ हा प्रत्यय आणि वैदिक भाषेतील 'युगा' (युगानि) या रूपातील आ हे सगोत्र आहेत. ज्याच्या घरात अंडे आणि बोट अजून नपुंसकलिंगीच आहेत त्याला हा अपवाद ओळखीचा वाटेल.

येथे सावधगिरीही हवी. आपल्या भाषेचे लिंग दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. चंद्र आपला पुल्लिंगी, 'लूना' स्त्रीलिंगी. 'मानो' (हात) ओकारान्त असून स्त्रीलिंगी, 'प्रोब्लेमा' आकारान्त असून पुल्लिंगी. प्रत्येक नाम उपपदासह पाठ करावे, याला दुसरा उपाय नाही.

३

वाक्यरचनेत मराठीचा सर्वांत मोठा आधार दोन ठिकाणी मिळतो. पहिले ठिकाण म्हणजे 'आवडणे'. इटालियनमध्ये 'मी प्याचे' म्हणजे शब्दशः 'मला आवडते'. पुस्तके आवडत असतील तर क्रियापद अनेकवचनी होऊन 'मी प्याच्चोनो इ लीब्री' होते; आपणही 'मला पुस्तके आवडतात' असेच म्हणतो. ज्याला आवडते तो चतुर्थीत, जे आवडते ते कर्ता. 'मी सेंब्रा' म्हणजे 'मला वाटते' याचीही घडण तीच. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असल्यामुळे तेथील विद्यार्थ्याला वाक्य उलटे करून घ्यावे लागते. मराठी विद्यार्थ्याने इंग्रजीतून गेल्यास तो आधी ते सुलटे करतो आणि मग पुन्हा उलटे. हा दुहेरी श्रम निष्कारण आहे.

दुसरे ठिकाण भूतकाळाचे. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळते. इटालियनमध्ये 'सोनो आन्दातो' पुरुष म्हणतो, 'सोनो आन्दाता' स्त्री. सकर्मक क्रियापदाला मात्र 'असणे' ऐवजी 'जवळ असणे' या अर्थाचे साहाय्यक लागते आणि मेळ कर्त्याशी राहत नाही. 'पत्र वाचले का?' या प्रश्नावर, पत्र हा शब्द तेथे स्त्रीलिंगी असल्यामुळे, पुरुषही 'लो लेत्ता' असे स्त्रीलिंगी रूप योजतो. 'चिठ्ठी मी वाचली' यात आपण तेच करतो. कारण दोन्ही भाषांत हा भूतकाळ कर्मणि धातुसाधितापासून घडला आहे. प्रचलित इटालियनमध्ये हा मेळ मुख्यतः आधी आलेल्या सर्वनामाशी राहिला आहे. जुन्या वाङ्मयात तो नंतर येणाऱ्या कर्माशीही पुष्कळदा दिसतो. जुने ग्रंथ वाचू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे.

मात्र दोन्ही भाषांच्या याद्या जुळत नाहीत. 'मी झोपलो' अकर्मक असूनही इटालियनमध्ये 'ओ दोर्मीतो' असे 'जवळ असणे' चे साहाय्यक घेते. उलट आपण 'मी इटालियन शिकलो' म्हणतो. सकर्मक असूनही मेळ कर्त्याशी. तत्त्व घरचे असले तरी तपशील परका आहे.

४

आता खऱ्या अडचणी. पहिली, मराठीत 'जवळ असणे' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदच नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'मला भूक लागली आहे', 'मला थंडी वाजते' अशी आपली निरनिराळी रचना. इटालियन या सर्वांना 'आवेरे' हे एकच क्रियापद लावते; तेथे भूकही 'असते', थंडीही 'असते' आणि वयाची वर्षेही 'असतात'. दुसरी, उपपद. निश्चित उपपदाची सात रूपे लिंग, वचन आणि पुढील शब्दाचा आद्य ध्वनी यांवर ठरतात. मराठीत उपपद नाही, तरी निश्चितपणाची जाणीव आहे: 'मी नोकर शोधतो आहे' आणि 'मी नोकराला शोधतो आहे' यांतील भेद प्रत्येकाला कळतो. त्या जाणिवेपासून सुरुवात केली तर उपपद केवळ पाठांतराचे राहत नाही. तिसरी, आघात. 'पार्लो' म्हणजे 'मी बोलतो'. आघात शेवटी गेला की 'तो बोलला'. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही, म्हणून कान मुद्दाम तयार करावा लागतो.

आदरार्थी संबोधन ही आणखी एक जागा. 'तू' तर दोन्हीकडे उच्चाराने आणि अर्थाने एकच. आदरासाठी मात्र इटालियन 'लेइ', म्हणजे मुळात 'ती', हे तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी सर्वनाम योजते, कारण मागे 'आपली सत्ता' या धर्तीचे स्त्रीलिंगी भाववाचक संबोधन आहे. 'महाराजांनी यावे' असे समोरच्यालाच तृतीयपुरुषात म्हणणाऱ्या भाषेला हे विचित्र वाटू नये. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये हे 'लेइ' बंद करून 'वोइ' लादण्याचा प्रयत्न केला. राजवट गेली, 'लेइ' राहिले.

५

पेरुज्या येथील परकीयांसाठीच्या विद्यापीठात, जे १९२५ पासून या कार्यासाठी ओळखले जाते, वर्गाचे माध्यम इटालियनच असते. तेथे विद्यार्थी मनातल्या मनात कोणत्या भाषेशी तुलना करतो हा त्याचा स्वतःचा प्रश्न. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या आराखड्यातील पहिल्या दोन, म्हणजे प्राथमिक, पायऱ्यांचे बरेचसे व्याकरण वर आले आहे. वर्गाबाहेर पडताच दुसरा धडा सुरू होतो: पुस्तकातील भाषा आणि गल्लीतील बोली एक नव्हेत. तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे शंभरांत अवघे अडीच होते. जी भाषा आज परकीयाला 'शुद्ध' म्हणून शिकविली जाते ती बहुसंख्य इटालियनांच्या आजापणजांनीही शाळेतच शिकलेली भाषा होय. जबलपूरच्या ज्या मुलाला आपल्या मराठीची लाज वाटते त्याला हे आवर्जून सांगावे.

या सर्वाचे महत्त्व वर्गापुरते नाही. मायकेल मधुसूदन दत्त यांनी इटालियन शिकून १८६५ मध्ये दान्तेच्या सहाव्या जन्मशताब्दीनिमित्त बंगाली सुनीत रचले आणि इटलीच्या राजाकडे पाठविले. मराठीत सुनीत केशवसुतांनी आणले ते इंग्रजी काव्याच्या वाटेने, आणि सावरकरांचे १९०७ मधील मॅझिनीचरित्रही इंग्रजी अनुवादावरून आले. त्या पिढ्यांना दुसरी सोय नव्हती. आज ती आहे. तरीही आपले तौलनिक अभ्यासक दान्ते आणि पेत्रार्क इंग्रजीतूनच वाचणार असतील, तर आपण तुलना करीत आहोत ती इटालियनची नव्हे, तिच्या इंग्रजी छायेची. म्हणून प्राथमिक इटालियनचे पाठ मराठीच्या पायावर रचावेत: 'मला आवडते' पासून 'मी प्याचे' कडे, 'मी गेले' पासून 'सोनो आन्दाता' कडे, सत्त पासून 'सेत्ते' कडे. द्वैभाषिक प्रदेशातील विद्यापीठांना हे काम इतरांपेक्षा अधिक चांगले करता येईल, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांनी भाषेचा हा इतिहास कानांनी ऐकलेला आहे.